किलो काढायचा कुठून?

पेडण्यातल्या केरीहून पालयेच्या अंगाला डोंगर चढायला लागलं की डांबर सोडून काजूबागांत शिरणाऱ्या वाटा दिसतात. पावसाळा नुकताच सरलेला असतो तेव्हा त्या खऱ्या अवघड. जांभा वरून शेवाळलेला, मधोमध पाण्याने कोरलेली घळ, काठावर सुटी खडी आणि खडीवर कुजक्या पानांचा थर. पुढचं चाक घळीत उतरतं, मागचं काठावरून सरकतं आणि डर्ट बाइक उताराकडे तोंड करून आडवी होते. मग ती उचलायची. कंपनीच्या माहितीपत्रकातला वजनाचा आकडा माणूस त्या वेळी पहिल्यांदा मनापासून आठवतो.

(गोव्यात केरी एक नाही. सत्तरीतलं केरी चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, फोंड्यातलं आणखी वेगळं. इथे म्हणतोय ते तेरेखोलच्या मुखावरचं, फेरीबोटीचं केरी.)

उचलण्याचं गणित तरफेचं आहे. टायरची कड टेकू, गाडीचा गुरुत्वमध्य त्या टेकूपासून साधारण साठ सेंटिमीटरवर, आणि आपले हात हँडलच्या मुठीशी, म्हणजे एक मीटर दहा सेंटिमीटरच्या आसपास. त्यामुळे सुरुवातीच्या झटक्याला हातावर येतो तो गाडीच्या वजनाच्या निम्म्याहून थोडा जास्त भार. गाडी १५४ किलोची असेल तर ऐंशी-पंच्याऐंशी किलो. सपाटीवर एकदा जमतं. उतारावर, पाय घसरत असताना, चौथ्यांदा जमत नाही.

पण याच गणितातून दुसरी एक गोष्ट निघते आणि वजन कमी करायला निघालेले बहुतेक जण नेमकी तीच विसरतात. जमिनीपासून मीटरभर उंचीवरचे पाच किलो काढले तर हातावरचा भार साडेचार किलोंनी उतरतो. तेच पाच किलो इंजिनच्या पोटाखालून, तीस सेंटिमीटर उंचीवरून काढले तर दीड किलोसुद्धा उतरत नाही. काट्यावर दोन्ही पाच किलोच. म्हणून प्रश्न किती किलो काढले हा धरायचा नाही, कुठला किलो काढला हा धरायचा.

आधी आपल्याकडच्या गाड्यांकडे बघू. हीरोने २०११ साली इम्पल्स आणली, दीडशे सीसी, १३४ किलो. लांब शॉकअपची, उंच मडगार्डची, सामान्य माणसाला परवडणारी अशी ती आपल्याकडची पहिली गाडी. विकली गेली नाही. काळाच्या थोडी पुढे होती. २०१९ मध्ये तिची वारसदार एक्सपल्स २०० आली ती १५४ किलोची. २०२५ मधली एक्सपल्स २१० आहे १६८ किलोची. प्रत्येक पिढीला वजन चढत गेलंय आणि त्यात कंपनीचा आळस वगैरे काही नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं, एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. म्हणजे एबीएसचा पंप, सायलेन्सरात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, निरनिराळे सेन्सर आणि त्यांच्या वायरी. इंजिनची ताकद वाढवायची तर पाण्याने थंड करावं लागतं, मग रेडिएटर आणि त्यातलं पाणी. शिवाय किंमत आटोक्यात ठेवायची म्हणून सांगाडा, स्विंगआर्म, हँडल सगळं पोलादाचं. भरपूर पैसे दिले तर हलकी गाडी मिळते. नाही दिले तर लोखंड मिळतं.

कावासाकीची केएलएक्स २३० डिसेंबर २०२४ मध्ये भारतात आली. ती १३९ किलोची आहे आणि तिच्या हलकेपणाचं एक साधं गुपित म्हणजे साडेसात लिटरची टाकी. एक्सपल्स २०० ची टाकी तेरा लिटरची. परदेशातल्या स्पर्धेच्या एन्ड्युरो गाड्या, उदाहरणार्थ केटीएमची ३०० ईएक्ससी, शंभर ते एकशे पाच किलोंत बसतात. मात्र तो आकडा पेट्रोल न धरता दिलेला असतो आणि आपल्याकडच्या कंपन्या पेट्रोल-तेल भरलेल्या गाडीचं वजन देतात. तुलना करताना हे ध्यानात ठेवलं नाही की माणूस उगाच हळहळतो. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याला बालेवाडीत सुपरक्रॉस लीगची पहिली शर्यत झाली, तिथल्या गाड्या पाहून आलेल्या अनेकांना आपली गाडी म्हैस वाटायला लागली. पण त्या गाड्यांना लाइट नाही, आरसा नाही, मागची सीट नाही, नंबरप्लेट नाही. त्या पिकअपमध्ये बसून येतात आणि पिकअपमध्ये बसून जातात.

इथे कुणीतरी आरएक्स १०० चं नाव काढणारच. काढावंही. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली ती टू-स्ट्रोक यामाहा शंभर किलोंच्या आसपासची होती आणि अकरा हॉर्सपॉवर द्यायची. आपल्याकडच्या मातीच्या शर्यतींत तिने आणि शोगन या गाडीने एक पिढी घडवली. टू-स्ट्रोक इंजिनच्या डोक्यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, त्यांची साखळी नाही. इंजिनचं डोकं म्हणजे पाती असलेलं एक झाकण. हलकेपणा तिथून येतो. धुराच्या नियमांत ती बसणं शक्य नव्हतं, तो विषय संपला.

आता कामाचं. पहिले किलो आपण स्वतःच टांगलेले असतात. वागातोरला मोटरसायकलवाल्यांचे मेळे भरायला लागले, तिथल्या दालनांतून एक फेरी मारली तर कळतं की बाजारात वजन विकत मिळतं आणि महाग मिळतं. क्रॅशगार्ड, त्यावर जादा लाइट, मागे लोखंडी कॅरियर, कॅरियरवर पेटी, बाजूला पेट्रोलचा डबा लटकवायची पट्टी. लडाखला जायला यातलं बरंच उपयोगी. केरीहून निघून हरमलला चहा प्यायला परत येणाऱ्याला यातलं काहीही लागत नाही. एक जाड नळीचा क्रॅशगार्ड चार-पाच किलो खातो, कॅरियर-पेटी मिळून तेवढेच. ते काढायला पैसे लागत नाहीत, पाना लागतो.

दुसरे किलो पेट्रोलचे. पेट्रोल लिटरला पाऊण किलोला थोडं कमी भरतं. तेरा लिटर म्हणजे साडेनऊ किलो, आणि तेही गाडीच्या माथ्यावर, शिवाय आतल्या आत हिंदकळणारे. सहा लिटर भरून निघालं तर पाच किलो तिथेच गेले. खराब वाटेवर गाडी लिटरला पंचवीस किलोमीटर देते असं धरलं तरी सहा लिटरात दीडशे किलोमीटर होतात. तेवढ्यात पेडणे तालुका उभा-आडवा पालथा घालून होईल. टाकी गळ्यापर्यंत भरण्याची सवय लांबच्या प्रवासाची, ती रानवाटेवर नेऊ नये. वजन कमी करायचे जेवढे म्हणून उपाय आहेत त्यांत हा सर्वांत स्वस्त, आणि कुणीही अभिमानाने सांगत नाही असा.

यानंतर पाना-स्क्रूड्रायव्हरचं काम सुरू होतं आणि त्याआधी काटा हवा. पेडण्यात मार्च-एप्रिलमध्ये काजूची बी विकत घेणाऱ्यांच्या दुकानात इलेक्ट्रॉनिक काटे असतात, पाच-दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारे. गाडीचे सुटे केलेले भाग पिशवीत घालून असल्या काट्यावर एकेक ठेवले की भ्रम फिटतात. जड दिसणारा प्लॅस्टिकचा मडगार्ड हलका निघतो. त्याच्या आत दडलेली, नंबरप्लेट आणि टेललाइट धरणारी लोखंडी पट्टी त्याच्याहून जड निघते. मागच्या माणसाचे फूटरेस्ट दिसतात नखाएवढे, पण त्यांचे ओतीव कंस वजनदार. जोडीला मागचं हँडल, साडीगार्ड, चेनकव्हर. शेपटीकडचा हा सगळा पसारा मिळून तीन-चार किलोंचा होतो, आणि तो मागच्या चाकाच्याही मागे, उंचावर टांगलेला असतो. गाडी उसळते तेव्हा हाच भाग तिला मागून झोके देत असतो.

सायलेन्सर हा दुसरा मोठा तुकडा. मूळचा सायलेन्सर दुहेरी पत्र्याचा, आत कप्पे आणि कन्व्हर्टर असलेला, म्हणून जड. बाजारातला हलका बसवला की काट्यावर दोन-तीन किलो सहज दिसतात. त्याबरोबर जे दिसतं ते म्हणजे आवाज. आवाज आणि धूर या दोन्ही नियमांत तो अडकतो, आणि ज्या वाडीतून रविवारी सकाळी सहाला आपण जातो तिथल्या लोकांची मर्जी जाते ती वेगळीच. एकदा गावाने वाट बंद केली की हलकी गाडी घेऊन फिरायचं कुठे? माझा कौल मूळ सायलेन्सरच ठेवण्याला आहे.

बॅटरीचा सौदा जास्त शहाणपणाचा. शिसं-आम्लाची छोटी बॅटरी दोन-अडीच किलोंची असते, तेवढंच काम करणारी लिथियम आयर्न फॉस्फेटची तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. सीटखालचा, उंचावरचा दीड किलो गेला. फक्त गाडीचं चार्जिंग नीट नियंत्रित आहे ना हे मेस्त्रीकडून मीटर लावून तपासून घ्यावं. जादा व्होल्टेज लिथियमला सोसत नाही. आणि गाडीला किक नसेल तर ही बॅटरी पूर्ण उतरू देऊ नये, कारण ती शेवटपर्यंत जोरात असते आणि मग न सांगता बंद पडते.

आता चाकांकडे. इथे किलोची किंमत बदलते. रिमच्या कडेला असलेला एक किलो गाडीबरोबर पुढे जातो आणि शिवाय गोल फिरतो. त्याला वेग द्यायला इंजिनला जवळपास दोन किलोंइतका जोर लागतो. ब्रेक लावतानाही तसंच. आणि चाक हे शॉकअपच्या खाली असतं. दगडावरून जाताना जड चाक जोरात वर उडालं की शॉकअपला ते परत जमिनीला टेकवायला वेळ लागतो, तेवढा वेळ टायरची पकड गेलेली असते. हलकं चाक दगडाच्या चढउताराबरोबर लवकर खालीवर होतं. म्हणून रिम, टायर, ट्यूब इथे वाचलेला अर्धा किलो सायलेन्सरमधल्या दोन किलोंपेक्षा वाटेवर जास्त जाणवतो. पण इथेच एक अडचणही आहे. जांभ्याच्या धारेवर पातळ ट्यूब टिकत नाही. जाड ट्यूब घातली की वजन वाढतं, पातळ घातली की पंक्चर. केरीच्या वाटांना माझ्या मते जाड ट्यूबच बरी आणि बचत दुसरीकडे शोधावी.

चाकाच्या वजनात चिखलही धरायचा असतो. पेडणे-डिचोलीची लाल माती ओली झाली की टायरच्या गुट्ट्यांमध्ये, मडगार्डच्या आतल्या बाजूला, इंजिनच्या पोटाखाली थराथराने बसते. खाली, चाकाला चिकटून असलेला मडगार्ड असेल तर तो चिखल कोंडून धरतो आणि चाक आवळलं जातं. डर्ट बाइकचा पुढचा मडगार्ड टायरपासून वीतभर उंच असतो तो दिसण्यासाठी नाही. निघण्याआधी मडगार्डच्या आत आणि इंजिनखालच्या पत्र्यावर सिलिकॉनचा फवारा किंवा थोडं तेल चोळलं की माती कमी धरते. दहा-बारा हजारांचे हलके बोल्ट घेणारा माणूस गाडीवर दोन-तीन किलो सुकी माती तशीच ठेवून पुढच्या रविवारी निघतो, हे दृश्य गॅरेजांत नेहमीचं.

बोल्टांचा विषय निघालाच आहे तर धातूंबद्दल. पोलादाची घनता पाण्याच्या पावणेआठपट, टायटॅनियमची साडेचारपट, ॲल्युमिनियमची पावणेतीनपट. नुसते हे आकडे पाहिले तर सगळं ॲल्युमिनियमचं करावंसं वाटतं. पण ताठपणात ॲल्युमिनियम पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याला पुरतं, त्यामुळे तेवढ्याच जाडीचा भाग केला तर तो लवतो. जाडी वाढवावी लागते आणि बचतीचा मोठा वाटा परत जातो. शिवाय पोलादावरचा ताण एका मर्यादेखाली राहिला तर ते कितीही धक्के खाऊन टिकतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, छोटे छोटे धक्के साठत जातात आणि एक दिवस तडा दिसतो. केरीसारख्या गावात तिसरी भानगड म्हणजे समुद्राचं वारं. खारट ओल मिळाली की पोलादात बसवलेला ॲल्युमिनियमचा बोल्ट विजेच्या घटासारखा वागतो आणि स्वतः झिजत जातो. दोन पावसाळ्यांनी तो निघत नाही, तुटतो. बसवायचाच तर ग्रीस लावून आणि जिथे जीव टांगलेला नाही अशाच जागी. ब्रेक, हँडल आणि फूटरेस्ट इथे मूळचे पोलादीच राहू द्यावेत.

भोकं पाडून वजन कमी करण्याचा शौकही जुना आहे. ताणाखाली असलेल्या पट्टीत गोल भोक पाडलं की त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो. वाचतात पन्नास ग्रॅम आणि तडा जाण्याची जागा मात्र आपण हाताने आखून देतो.

मोठमोठ्या कंपन्याही या मोहात पडल्यात. १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षं इंग्लंडच्या जेफ स्मिथने बीएसएच्या फोर-स्ट्रोक गाडीवर ५०० सीसी मोटोक्रॉसचं जगज्जेतेपद मिळवलं. पण मागून चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेडच्या टू-स्ट्रोक गाड्या जवळ येत होत्या. बीएसएने १९६६ च्या मोसमासाठी गाडीचा सांगाडाच टायटॅनियमचा केला. वजन उतरलं. पण टायटॅनियम ताठपणात पोलादाच्या निम्मं, त्यामुळे सांगाडा लवू लागला. तडा गेला तर मैदानावर जोडता येईना, कारण टायटॅनियमचं वेल्डिंग हवा लागू न देता आरगॉन वायूच्या आडोशात करावं लागतं आणि शर्यतीच्या चिखलात ते कुठून आणणार? त्या वर्षी जगज्जेता ठरला पूर्व जर्मनीचा पॉल फ्रीडरिक्स, सीझेडवर. पुढे सत्तरच्या दशकाच्या आरंभी सुझुकीने आपल्या शर्यतीच्या गाड्या इतक्या हलक्या केल्या की आंतरराष्ट्रीय महासंघाला किमान वजनाचा नियम करावा लागला.

आपल्या गॅरेजात परत येऊ. वजनाला हात न लावता हलकेपणा आणायचा एक मार्ग आहे, तो पुढच्या स्प्रॉकेटचा. तेराऐवजी बारा दात्यांचं बसवलं की मागच्या चाकाला आठ टक्के जास्त ओढ मिळते. १५४ किलोंची गाडी आणि पंच्याहत्तर किलोंचा माणूस धरला तर चढावर ती गाडी सतराएक किलोंनी हलकी झाल्यासारखी वागते. खर्च काही शे रुपये. हायवेवर इंजिन जास्त फिरतं, तेवढं सोसायचं. पडलेली गाडी उचलताना मात्र स्प्रॉकेट काही मदत करत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण केरीत वाटेपर्यंत पोचायला सार्वजनिक रस्ताच लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांप्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत मनाला येईल तो बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. साडीगार्ड, मागचं हँडल, मागचे फूटरेस्ट नियम १२३ प्रमाणे लागतात, आरसे आणि इंडिकेटर लागतातच. म्हणजे शेपटीकडचे ते तीन-चार किलो काढायचे तर गाडी पिकअपमध्ये घालून न्यावी लागेल, आणि तीही मालकाची परवानगी असलेल्या जमिनीवर. मला विचाराल तर रस्त्यावरून जाणाऱ्याने क्रॅशगार्ड, कॅरियर, पेट्रोल आणि बॅटरी यांवर थांबावं. दहा-पंधरा किलो तिथेच निघतात आणि पोलिसाला सांगण्यासारखं काही उरत नाही.

जागेचंही बघावं. सत्तरीतल्या केरीकडे गेलात तर पलीकडे १९९९ साली जाहीर झालेलं म्हादई अभयारण्य आहे, तिथे रस्ता सोडून आत शिरायचं नाही. केरीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांमधून वाळूत उतरण्याचा मोह होतो, पण गोव्यात किनाऱ्यावर वाहन घालणं गुन्हा आहे, आणि इथून जवळच मोरजीला कासवं अंडी घालायला येतात. सड्याचा माथा पावसाळ्यात तर सोडूनच द्यावा. जांभ्यावर बोटभर मातीत सीतेची आसवं आणि दवबिंदू फुललेले असतात, आणि गुट्ट्यांच्या टायरने उकरलेली ती बोटभर माती पुढच्या सरीबरोबर वाहून जाते.

काय काढू नये याचीही यादी लांब नाही. इंजिनखालचा पत्रा जड असतो, पण तो सर्वांत खाली असतो आणि जांभ्याच्या टोकापासून इंजिनचं तेल वाचवतो. हँडगार्ड राहू द्यावेत. काजूच्या फांद्या बोटांवर बसतात आणि पडल्यावर क्लचचा लिव्हर तुटला की वीस किलोमीटर ढकलणं आलं. जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पंप आणि दोन लिटर पाणी मिळून चार-पाच किलो होतात. ते पाठीवर न घेता कमरेच्या पट्ट्यात किंवा टाकीच्या मागे, सीटच्या पुढच्या भागाला बांधावेत. पाठीवरचं ओझं खांद्याला लागतं आणि गाडीवर उभं राहून चालवताना सगळं वर जातं.

एवढं करून झाल्यावर शॉकअपची स्प्रिंग नव्या वजनाला लावून घ्यायला हवी. दहा-बारा किलो गेले की मूळच्या बसवणीत मागची बाजू उंच राहते, पुढचं चाक लवकर वळतं पण वाळूत थरथरतं. प्रीलोडचा नट एक-दोन आटे सैल करून, माणूस गाडीवर बसल्यावर मागची बाजू शॉकअपच्या एकूण चालीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने खाली बसते की नाही हे टेपने मोजावं. काढलेले भाग बोल्टांसकट, कुठला कुठला हे चिठ्ठीवर लिहून, गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवावेत. गाडी विकायला काढली की घेणारा पहिल्यांदा तेच मागतो.